न्यायाधीशांचा समारंभी झगा हाताने शिवताना: मापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

न्यायाधीशांचा झगा अंगावर टिकतो तो खांद्यावरच्या योकमुळे, म्हणजे खांदे आणि पाठीचा वरचा भाग झाकणाऱ्या, बाकीचा झगा जिला टांगलेला असतो त्या जाड पट्टीमुळे, आणि तो घालणारी व्यक्ती दिवसाचा बराचसा वेळ बसून, हात समोरच्या टेबलावर ठेवून काम करते. झग्यात जे बिघडतं ते बहुतेक वेळा या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच. आरशासमोर उभं राहिल्यावर झकास दिसणारा झगा तासाभराच्या बैठकीत मागे घसरतो, गळा कंठाला टेकतो आणि बाही मनगटाच्या वर सरकते. म्हणून या लेखात योक, मागच्या चुण्या आणि बसलेल्या शरीराचं माप यांना सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

उदाहरणादाखल घेतलेली मापं १७० सेंमी उंचीच्या आणि कोटावरून ११२ सेंमी छाती असलेल्या व्यक्तीची आहेत. बाकीच्यांसाठी आकडे बदलतील, पण प्रमाणं बहुतेक तीच राहतील.

आधी नियम, मग आराखडा

कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी त्या न्यायालयाचा पोशाखाचा नियम लेखी मागून घ्या. रंग, पट्ट्यांची रुंदी, गळ्याची रचना, बाहीचा आकार या गोष्टी शिवणाऱ्याच्या आवडीवर सोडलेल्या नसतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००८ साली दिवाणी कामकाजासाठी नवा झगा आला. फॅशन डिझायनर बेटी जॅक्सन यांच्या त्या रचनेत गळ्याजवळच्या पट्टीचा रंगच श्रेणी सांगतो: उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना लाल, जिल्हा न्यायाधीशांना निळा. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयात लाल झगा आणि पांढरा जाबो (गळ्यापासून छातीवर पडणारी झालर) असतो, तर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात काळा झगा आणि पांढऱ्या लेसचा जाबो. याउलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात काळा झगा हा मुख्यतः परंपरेचा भाग आहे. तिथे मुख्य न्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांनी १९९५ साली आपल्या प्रत्येक बाहीवर चार सोनेरी पट्टे लावून घेतले, आणि त्यांच्यानंतर आलेले जॉन रॉबर्ट्स पुन्हा साध्या काळ्या झग्यावर आले.

रंगाचं नुसतं नाव पुरत नाही, कापडाचा तुकडाच मागा. ‘लाल’ म्हणून आणलेलं कापड बाकीच्या न्यायाधीशांच्या रांगेत वेगळं पडलं, तर शिवण कितीही सुबक असली तरी झगा वाया जातो.

कापड किती आणि कोणतं

रोजच्या वापराचा आणि समारंभाचाही झगा एकच असेल, तर बारीक विणीचं लोकरी सूटिंग सर्वांत विश्वासाचं. १५० सेंमी पन्ह्याच्या कापडाचं वजन दर मीटरला २५० ते ३०० ग्रॅम असावं. याहून हलकं कापड चुण्यांमध्ये नळीसारखं उभं राहत नाही, लोळतं. याहून जड घेतलं तर दिवसाअखेर खांदे भरून येतात. फक्त समारंभासाठी असेल तर आडव्या उठावदार रेघांचं जाड रेशीम सुंदर पडतं. ते मात्र टाचणीची खूण विसरत नाही, म्हणून टाचण्या फक्त शिवणीच्या मायेत, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेल्या जास्तीच्या कापडात, लावायच्या.

१५० सेंमी पन्हा असेल तर सव्वाचार मीटर कापड घ्या, ११२ सेंमी असेल तर साडेसहा मीटर. सगळं कापड एकाच ताग्यातलं हवं. काळ्या रंगातही दोन ताग्यांमधला फरक दिव्याखाली चटकन कळतो, एक निळसर तर दुसरा तांबूस दिसतो.

शिवाय लागेल: योकसाठी अर्धा मीटर केसाळ कॅनव्हास (कोटाला आतून ताठपणा देणारं जाड कापड), योकच्या अस्तरासाठी अर्धा मीटर गुळगुळीत कापड, काजासाठी वापरतात तो जाड धागा, शिवणीसाठी रेशमी किंवा पॉलिस्टर धागा, मधमाशीचं मेण, ७ ते ९ नंबरच्या आखूड सुया, अंगुस्तान, पांढरा खडू, आणि १ सेंमी चौकड्याचं पातळ सुती कापड. हे शेवटचं का, ते चुण्यांच्या वेळी कळेल.

कापण्याआधी लोकर आटवून घ्यायलाच हवी. पांढरी सुती चादर ओली करून घट्ट पिळा, लोकरी कापड तिच्यासकट गुंडाळा, रात्रभर ठेवा आणि सकाळी सपाट पसरून वाळवा. हे टाळलं तर पहिल्याच वाफेच्या इस्त्रीत योक आटतो आणि आतला कॅनव्हास आटत नाही. मग पाठीवर फुगे येतात आणि ते कशानेच जात नाहीत.

मापं

मापं कोट घालूनच घ्या, कारण झगा कोटावर चढतो. मानेच्या मागच्या मणक्यापासून जमिनीपर्यंतच्या मापातून साधारण २५ सेंमी वजा केले की मागची लांबी मिळते. आपल्या उदाहरणात ती १२० सेंमी. खांद्यांची रुंदी ४६. मणक्यापासून खांद्यावरून, कोपर थोडं वाकवून, मनगटापर्यंत ८४.

यानंतर व्यक्तीला खुर्चीत बसवून हात समोरच्या टेबलावर ठेवायला सांगा आणि पाठीची रुंदी पुन्हा घ्या. ती उभ्या मापापेक्षा ६ ते ८ सेंमी जास्त भरते. ही वाढ योकमध्ये घालायची नाही. तसं केलं तर उभं राहिल्यावर खांदे ओघळलेले दिसतात. ही जागा मागच्या चुण्यांनी आणि बगलेत जोडलेल्या चौकोनी तुकड्याने द्यायची असते. गळ्याची मागची खोली दीड ते दोन सेंमीपेक्षा जास्त नको. पुढे इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा गळा १५ सेंमी खोल ठेवला की जाबो किंवा पांढरे बँड (गळ्याखाली लोंबणाऱ्या दोन पट्ट्या) नीट बसतात.

मांजरपाटावर चाचणी

पूर्ण झगा मांजरपाटात शिवायची गरज नाही. योक आणि एक बाही पुरेशी आहे. मात्र योकच्या मागच्या कडेला दीड किलोचं वजन टाचून बघा, कारण तयार झग्याचं वजन दीड ते दोन किलोच्या आसपास जातं. वजन लावल्यावर योक मागे सरकत असेल तर खांद्याची शिवण पुढे न्या. बहुतेकांना ती नैसर्गिक रेषेच्या २ सेंमी पुढे लागते. मागे घसरणं या झग्याचा सगळ्यात सामान्य दोष आहे आणि त्याचं औषध इथेच, दोनशे ग्रॅम मांजरपाटात करता येतं. महागडं कापड कापल्यावर फार काही हातात राहत नाही.

कापणी

काळ्या कापडाच्या उलट्या बाजूला प्रत्येक तुकड्यावर खडूने एकाच दिशेचा बाण काढा आणि सगळे तुकडे त्याच दिशेने कापा. लोकरीलाही हलकी लव असते. उलटा कापलेला एकच तुकडा वेगळ्या काळ्या रंगाचा दिसतो.

मागचा भाग: पूर्ण पन्हा, १५० सेंमी रुंद, ११५ लांब. यात वरच्या दुमडीचे ३, खालच्या दुमडीचे ६ आणि थोडी शिल्लक आली. दोन्ही कडांना मुंढ्यासाठी ८ सेंमी आत जा. वर १३४ सेंमी उरतात.

पुढचे दोन भाग: प्रत्येक वर ४५ आणि खाली ७५ सेंमी रुंद, १२० लांब. तिरकस बाजू बगलेकडे येते, बटणपट्टीची कड सरळ धाग्यावर.

बाह्या: प्रत्येकी ७५ रुंद, ७२ लांब.

योक: मागे एक तुकडा, मध्यावर १६ सेंमी खोल. पुढे दोन तुकडे, खांद्याच्या शिवणीपासून ८ सेंमी खोल. योकला कापडाचा उभा धागा खांद्यावरून आडवा जायला हवा, कारण उभा धागा सर्वांत कमी ताणला जातो आणि सगळं ओझं इथेच येतं.

उरलेल्या कापडातून बाहीच्या आतल्या १२ सेंमी रुंद पट्ट्या आणि बगलेतले १२ बाय १२ सेंमीचे दोन चौकोन निघतात. मायेसाठी सगळीकडे दीड सेंमी, पण बाजूच्या शिवणीला ३ सेंमी सोडा. झगा वर्षानुवर्षं चालतो, माणसाचं माप बदलतं.

११२ सेंमी पन्ह्यात मागचा भाग दोन तुकडे जोडून करावा लागतो. ती शिवण चुणीच्या आतल्या घडीत पडेल अशा बेताने खुणा करा.

योकची बांधणी

कॅनव्हास तयार मापाचा, माया न ठेवता कापा. बाहेरचं कापड त्यावर पसरून मधून कडेकडे तिरके कच्चे टाके घाला. हे करताना तुकडा टेबलावर सपाट न ठेवता मांडीवर किंवा गोल उशीवर वाकवून धरा. खांदा गोल आहे. सपाट जोडलेल्या दोन थरांना गोलाई दिली की बाहेरचा थर कमी पडतो आणि काठाला आत ओढतो. मग खालच्या कडेची माया कॅनव्हासवरून आत वळवून हेरिंगबोन टाक्याने, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या टाक्यांनी, धरा. टाका फक्त कॅनव्हासमध्ये जावा, बाहेरच्या कापडात दिसू नये. खांद्याच्या शिवणी हाताच्या टिपेने, ३ मिमीच्या टाक्यांनी घाला.

न्यायालयाचं चिन्ह किंवा कलाबतूचं भरतकाम योकवर यायचं असेल, तर ते बाहेरचं कापड सुटं असतानाच चौकटीवर ताणून करून घ्या. जरीच्या कामावर थेट वाफ मारायची नाही, ती काळवंडते. जाड टॉवेलवर पालथं ठेवून मागून हलकी कोरडी इस्त्री पुरे.

मागच्या चुण्या: झग्याचं खरं काम

पाठीवर योकखालून एकसारख्या उभ्या नळ्या निघतात. त्यांच्यावरून हातशिलाईचा झगा ओळखू येतो. मशीनने गोळा केलेल्या चुण्या चपट्या पडतात आणि पहिल्या धुलाईत वाटेल तशा वळतात. हाताने घातलेल्या नळ्या प्रत्येकी वेगळ्या टाक्याने योकला जोडलेल्या असतात, म्हणून बसल्यावर उघडतात आणि उठल्यावर परत मिटतात. वर म्हटलेली ६ ते ८ सेंमीची जागा इथून मिळते.

मागच्या भागाची वरची कड ३ सेंमी आत दुमडा. चौकड्याच्या सुती कापडाची ८ सेंमी रुंद पट्टी उलट्या बाजूला, दुमडीच्या आत सरकवून कच्च्या दोऱ्याने बसवा. तिच्या रेघा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याशी तंतोतंत जुळू द्या. ही पट्टी दोन कामं करते. टाक्यांच्या खुणा आयत्या मिळतात, आणि नळ्यांना आतून थोडं अंग मिळतं. रेशमासाठी ती फलालीनची घ्यावी, खुणा मग खडूने कराव्या लागतील.

आता धावदोरा. जाड धागा मेणावरून दोनदा ओढा, १६० सेंमी लांब एकेरी घ्या आणि सुरुवातीला पक्की गाठ मारा. पहिली ओळ दुमडीच्या कडेपासून ६ मिमी खाली, पुढच्या ओळी १ सेंमी अंतराने, एकूण पाच. टाका १ सेंमी वर, १ सेंमी खाली. दुसऱ्या ओळीची सुई पहिलीच्या बरोबर खाली आत जायला आणि बरोबर खालीच बाहेर यायला हवी. एक टाका जरी अर्ध्या सेंमीने सरकला, तरी ती नळी पिळवटते आणि शेजारच्या दोन नळ्यांनाही ओढते. धागा मध्येच संपवून जोड देऊ नका. जोडाची गाठ ओढताना अडकते आणि अख्खी ओळ उसवावी लागते.

पाचही धागे एकत्र, हळूहळू ओढा. १३४ सेंमीच्या ६७ नळ्या होतात आणि त्या योकच्या ४६ सेंमी कडेत बसवायच्या, म्हणजे प्रत्येक नळीला जेमतेम ७ मिमी. मोजणी विषम असल्याने ३४वी नळी नेमकी पाठीच्या मध्यावर येते. ती आधी टाचा, मग दोन्ही टोकं, मग पाव-पाव अंतरावरच्या खुणा. ओढलेले धागे टाचण्यांभोवती इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळून ठेवा. गाठ एवढ्यात मारायची नाही.

योक आणि चुण्या सुलट बाजूला सुलट बाजू अशा धरून प्रत्येक नळीचा माथा योकच्या कडेला दोन-दोन टाक्यांनी जोडा. सुई नळीच्या दुमडलेल्या काठातून आणि योकच्या वळवलेल्या मायेतून कॅनव्हास धरून गेली पाहिजे. नुसत्या कापडात घेतलेला टाका वजनाने फाटतो. जोडून झालं की चुण्यांचा भाग खाली पाडा. नळ्या योकशी काटकोन करून उठलेल्या दिसतील. आतल्या बाजूने तिसऱ्या ओळीच्या पातळीवर एक सुती फीत ठेवून प्रत्येक नळीची मागची घडी तिला एका टाक्याने धरा. ही फीत नसेल तर नळ्या वरून नीट आणि खाली विसकटलेल्या दिसतात.

सराव असलेल्या हातालाही या एवढ्या कामाला पूर्ण दिवस लागतो. घाई इथे करू नका.

इस्त्री चुण्यांवर कधीच टेकवायची नाही. झगा टांगून १० सेंमी अंतरावरून वाफ द्या, ओल्या असतानाच नळ्या एकेक करून खाली ओढा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी खालचे दोन धागे काढून टाका. वरचे तीन गाठ मारून कायम ठेवायचे.

पुढचे भाग योकला तसेच जोडायचे, पण तिथे पट हलका आहे. साधारण २७ सेंमी कापड १५ सेंमीत बसतं आणि धावदोऱ्याच्या दोन ओळी पुरतात. गळ्याजवळची पट्टी सपाट राहू द्या.

पुढची पट्टी आणि मखमल

पुढची पट्टी गळ्यापासून खालपर्यंत १० सेंमी रुंद, आत हलका कॅनव्हास. शोभेपलीकडे तिचा एक उपयोग आहे: मागच्या चुण्यांच्या वजनाला ती पुढून तोलून धरते. समारंभासाठी ती मखमलीची असेल तर सगळे तुकडे लव वर जाईल अशा दिशेने कापा, रंग जास्त गहिरा दिसतो. मखमल शिवताना सरकते. त्यामुळे रेशमी धाग्याने दोन समांतर ओळी कच्च्या घाला आणि पक्की शिवण हातानेच करा. इस्त्री करायची वेळ आलीच तर मखमलीच्याच तुकड्यावर पालथी ठेवून नुसती वाफ. लव एकदा चपटी झाली की कायमची.

बंदासाठी चेन सोपी वाटते, पण बसल्यावर ती पोटापाशी ताठ कमान करून उभी राहते. त्यापेक्षा आतल्या पट्टीत लपवलेले हूक छातीपर्यंत आणि त्याखाली गुडघ्याच्या वीतभर वरपर्यंत टिचबटणं, १२ सेंमी अंतराने. चेनच हवी असेल तर ती मांडीच्या मध्यावर थांबवा.

बाह्या आणि बाजू

बाजूच्या लांब शिवणी मशीनवर घातल्या तरी काही बिघडत नाही. कमरेखाली ५ सेंमीपासून १८ सेंमीची उभी फट सोडा, आतल्या खिशापर्यंत हात जायला हवा. फटीच्या दोन्ही टोकांना आडवा मजबूत टाका घ्या, नाहीतर शिवण तिथूनच उसवते.

मुंढ्याचा घेर ६० सेंमी आणि बाहीच्या माथ्याचा कंस ७८. जास्तीचे १८ सेंमी सगळे खांद्याच्या वरच्या २० सेंमीत, तशाच नळीच्या चुण्यांनी बसवायचे. बाकीची बाही सपाट. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर न ठेवता १ ते दीड सेंमी पुढे ठेवा, कारण हात पुढे असतात. बगलेत चौकोनी तुकडा तिरका बसवला की लिहिताना अख्खा झगा वर ओढला जात नाही.

बाही मनगटाच्या हाडाखाली २ सेंमी संपावी. त्याहून लांब बाही कागदांवर लोळते. तोंडाचा घेर मोठा असल्याने हात उचलला की आतली बाजू दिसते, म्हणून १२ सेंमीची पट्टी त्याच कापडाची हवी. सोनेरी पट्टे लावायचे असतील तर झगा अंगावर चढवून खुणा करा. पट्टा बाहीच्या काठाला समांतर बसतो, कापडाच्या धाग्याला नव्हे. वळणावर बसणारी फीत आधी वाफेने वळवून घ्या आणि दोन्ही कडा बारीक टाक्यांनी धरा.

अस्तर, खालची दुमड

योकचं अस्तर शेवटी, आतून लपणाऱ्या टाक्यांनी. मानेच्या मध्यावर एक टांगण्याचा बंद आणि खांद्याच्या दोन्ही शिवणींवर कोटाच्या कॉलरखालून अडकवायला छोटे फितीचे फासे. झगा इतकं करूनही मागे सरकत असेल, तर पुढच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांत पडद्याला लावतात तशी छोटी वजनं शिवा.

खालची दुमड करण्याआधी झगा दोन दिवस टांगून ठेवा. पुढच्या भागाची तिरकी बाजू या काळात खाली उतरते. उतरण्याआधी दुमड केली, तर महिन्याभरात बाजूंना शेपट्या लोंबतात. मग अंगावर घालून, बूट घालून, काठीला खडूची खूण करून जमिनीपासून सगळीकडे सारखं अंतर आखा. फक्त पुढची बाजू या रेषेच्या २ सेंमी वर घ्या, म्हणजे मंचाच्या पायऱ्या चढताना पायाखाली येत नाही. दुमड ६ सेंमीची. तुरपाईत कापडाचा एकच धागा उचला आणि टाके सैल ठेवा. घट्ट ओढलेली तुरपाई काळ्या लोकरीवर सुलट बाजूने खळ्यांची रांग दाखवते.

देण्याआधी

घालून बघण्याची शेवटची चाचणी बसूनच करा. अर्धा तास टेबलाशी लिहायला सांगा, हात वर करून शपथेची मुद्रा करायला सांगा, दोन-तीन पायऱ्या चढायला-उतरायला सांगा. उठल्यावर ३४वी नळी मणक्याच्या रेषेत आहे का आणि गळा जागेवर आहे का, हे बघा. नळी एका बाजूला गेली असेल तर बहुतेक वेळा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे. अशा वेळी चुण्या उसवू नका. खालच्या खांद्यावर, योकच्या अस्तराखाली कॅनव्हासचे एक-दोन थर घाला.

झगा सोपवताना सोबत ४५ सेंमी रुंद, गोल खांद्यांचा लाकडी हँगर आणि सुती पिशवी द्या. प्लास्टिकच्या आवरणात लोकर कोंदते. ड्रायक्लीनिंगला देताना पाठीच्या चुण्यांवर इस्त्री फिरवू नये, अशी चिठ्ठी योकच्या अस्तरालाच शिवून टाका. तोंडी सांगितलेलं काउंटरच्या पलीकडे पोचत नाही.